घरासाठी नवी हीटिंग यंत्रणा निवडताना आणि बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या प्रदेशांत हिवाळ्यात घर तापवल्यावाचून राहता येत नाही, तिथल्या वाचकांकडून हीटिंगविषयी जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. पुढची बहुतेक उत्तरे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवर उभी आहेत, म्हणून घाईत असलेल्यांनीही किमान ती दोन आधी वाचावीत.

१. जुनी यंत्रणा बदलायची आहे. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात यंत्रापासून नव्हे, घरापासून करावी. घरातून जितकी उष्णता बाहेर जाते तितकी भरून काढणे, एवढेच हीटिंगचे काम असते. बाहेर जाणारी उष्णता आधी कमी केली, तर यंत्र लहान लागते आणि ते टिकेल तोवरची सगळी वर्षे इंधनही कमी लागते. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि छताखाली किंवा माळ्यावर उष्णतारोधक थर घालणे, या दोन कामांनी सहसा कमी खर्चात बराच फरक पडतो. भिंती आणि काचा यांचे काम मोठे असल्यामुळे ते मागाहून केले तरी चालते. मात्र ते येत्या एक-दोन वर्षांत होणारच असेल, तर यंत्राचे माप काम झाल्यानंतरच्या घराला बेतून ठरवावे आणि मधला हिवाळा विजेच्या एखाद्या हीटरच्या आधाराने काढावा.

२. माझ्या घराला किती किलोवॅटची यंत्रणा लागेल, हे कसे ठरवतात?

‘इतक्या चौरस मीटरला इतके वॅट’ असा ठोकताळा अनेक जण सांगतात. त्यावर विसंबू नये, कारण सारख्याच आकाराच्या दोन घरांची गरज तिप्पट-चौपट वेगळी असू शकते.

खरा हिशेब प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करावा लागतो. भिंत, खिडकी, छत आणि जमीन यांपैकी प्रत्येकाचे क्षेत्रफळ, त्याचे यू-मूल्य आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरक यांचा गुणाकार केला, की त्या भागातून निसटणारी उष्णता वॅटमध्ये मिळते. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जितके वॅट बाहेर जातात, ते त्या भागाचे यू-मूल्य. विटांच्या भरीव, उष्णतारोधन नसलेल्या भिंतीचे यू-मूल्य साधारण २ असते आणि चांगले रोधन केलेल्या भिंतीचे ०.३ किंवा त्याहून कमी. म्हणजे ४० चौरस मीटर भिंतीतून, २० अंशांचा फरक असताना, पहिल्या घरात १,६०० वॅट निसटतात आणि दुसऱ्यात फक्त २४०. एकेरी काचेचे यू-मूल्य पाचच्याही वर जाते.

यात हवेबरोबर जाणारी उष्णता मिळवावी लागते आणि नेमकी तीच अनेकांच्या हिशेबातून सुटते. घराचे आकारमान २५० घनमीटर असेल आणि तासाला एकदा सगळी हवा बदलत असेल, तर २० अंशांच्या फरकाला सुमारे १,६५० वॅट केवळ ती हवा तापवण्यात जातात. फटी बुजवून हे प्रमाण निम्म्यावर आणले, तर हा आकडाही निम्मा होतो.

बाहेरचे तापमान म्हणून त्या ठिकाणचे ‘आराखडा तापमान’ धरतात. नेहमीच्या हिवाळ्यातल्या सर्वांत थंड दिवसांत पारा जिथवर उतरतो, त्यावरून ते ठरवलेले असते. आजवरचा नीचांक धरला, तर यंत्र विनाकारण मोठे निघते.

३. जुना बॉयलर (इंधन जाळून घरभर फिरणारे पाणी तापवणारे यंत्र) २४ किलोवॅटचा होता. नवाही तेवढाच घ्यावा ना?

बहुतेक घरांत याचे उत्तर ‘नाही’ असे येते आणि ते आपल्याला स्वतःच्या बिलांवरून ताडून पाहता येते. वर्षभरात किती किलोवॅट-तास इंधन लागले, ते पाहावे. त्यातून अंघोळीचा आणि स्वयंपाकाचा वाटा वजा करावा आणि उरलेल्या आकड्याला बॉयलरच्या कार्यक्षमतेने गुणावे, म्हणजे घराला प्रत्यक्ष मिळालेली उष्णता कळते. समजा, ती १२,००० किलोवॅट-तास आली. हवामान खाते किंवा ऊर्जाविषयक संस्था अनेक ठिकाणी ‘डिग्री-डे’ प्रसिद्ध करतात, म्हणजे बाहेरचे तापमान दररोज ठरलेल्या पातळीपेक्षा किती अंश खाली होते, त्यांची बेरीज. आपल्या भागात ते वर्षाला २,५०० असतील, तर २,५०० गुणिले २४ तास म्हणजे ६०,०००. या संख्येने १२,००० ला भागले, की प्रत्येक अंशाच्या फरकामागे घराला ०.२ किलोवॅट लागतात, असे निघते. आत २० अंश आणि बाहेर उणे २ अंश असताना गरज येते ४.४ किलोवॅट! हा अंदाज आहे आणि दुसऱ्या प्रश्नातल्या हिशेबाची जागा तो घेऊ शकत नाही. पण दोन्हींत मोठी तफावत आली, तर कुठेतरी चूक आहे, एवढे निश्चित समजावे.

मग २४ हा आकडा येतो कुठून? जो बॉयलर साठवणाची टाकी न वापरता नळाला लगेच गरम पाणी देतो, त्याचे माप अंघोळीवरून ठरलेले असते. पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवायचे असेल, तर २४ किलोवॅटमधून मिनिटाला जेमतेम १० लिटर पाणी मिळते. नळासाठी ही क्षमता योग्यच आहे. घर तापवताना मात्र असा बॉयलर बराच खाली उतरून चालू शकला पाहिजे, म्हणून त्याची कमाल क्षमता पाहण्यापेक्षा किमान क्षमता विचारावी. ती घराच्या गरजेहून जास्त असेल, तर बॉयलर दर काही मिनिटांनी पेटत आणि विझत राहतो. त्यात इंधन वाया जाते आणि सुटे भागही लवकर झिजतात.

४. गॅस, हीट पंप, लाकूड, थेट वीज : यांत मूळ फरक काय?

बॉयलर आणि शेगडी इंधन जाळून त्यातली उष्णता घरात आणतात. त्यातला काही भाग धुराड्यातून जातोच. विजेचा साधा हीटर एका युनिटमधून एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेत किंवा जमिनीत असलेली उष्णता तो उचलून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेमागे दोन ते चार युनिटे उष्णता मिळू शकते. लाकडाबाबत सर्व काही ओलाव्यावर अवलंबून असते. ओलावा २० टक्क्यांच्या आत असलेले लाकूड किलोमागे सुमारे ४ किलोवॅट-तास देते आणि ताजे तोडलेले त्याच्या जवळपास निम्मे. वर ताज्या लाकडाचा धूर आणि धुराड्यात साचणारे डांबर, जे पुढे धुराड्यातच पेट घेऊ शकते. लाकूड वर्ष-दोन वर्षे आडोशाला वाळवायला जागा नसेल, तर हा मार्ग धरू नये.

५. विजेच्या हीटरपैकी कोणता कमी वीज खातो?

तेल भरलेला, पंख्याचा किंवा पॅनेलचा, कोणताही घेतला तरी एका युनिटमागे मिळणारी उष्णता सारखीच असते. फरक ती कशी पोहोचते, यात असतो. अवरक्त पॅनेल समोर बसलेल्या माणसाला थेट ऊब देते, त्यामुळे मोठ्या खोलीत एकट्याने तासभर बसायचे असेल, तर ते सोयीचे पडते. अख्खी खोली दिवसभर उबदार ठेवायची असेल, तर त्यानेही बचत होत नाही.

६. कडाक्याच्या थंडीत हीट पंप चालतो का?

चालतो, मात्र दोन गोष्टी एकदम घडतात. बाहेरचे तापमान उतरते तशी त्याची कार्यक्षमता कमी होते आणि घराची गरज वाढत असतानाच त्याची क्षमताही घटते. बाहेर ७ अंश आणि घर तापवण्यासाठी आत फिरणारे पाणी ३५ अंश असताना चांगले यंत्र एका युनिटमागे चार किंवा अधिक युनिटे देते. बाहेर उणे ७ आणि पाणी ५५ अंश असताना हे गुणोत्तर दोनच्या आसपास येते. त्यामुळे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा आकडा पाहून यंत्र निवडू नये. आपल्या आराखडा तापमानाला आणि आपल्या पाण्याच्या तापमानाला ते किती किलोवॅट देते, याचा तक्ता मागून घ्यावा.

हवा दमट आणि तापमान शून्याच्या थोडे वर असताना बाहेरच्या युनिटवर हिम धरते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते. तेव्हा वाफ दिसते आणि खाली पाणी गळते. हा बिघाड नव्हे. मात्र ते पाणी पायवाटेवर जाऊन गोठले तर माणसे घसरून पडतात, म्हणून त्याचा निचरा आधीच ठरवावा.

७. हीट पंप घेतला तर सगळे रेडिएटर (आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारी पॅनेले) बदलावे लागतील का?

सगळे क्वचितच; काही मात्र बदलावे लागू शकतात. रेडिएटरची छापील क्षमता, तो खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी गरम आहे, असे धरून दिलेली असते. हाच फरक ३० अंशांवर आला, म्हणजे खोली २० आणि रेडिएटर सरासरी ५० अंश असेल, तर क्षमता जवळपास निम्मी होते. २५ अंशांच्या फरकाला ती सुमारे ४० टक्के उरते. दुसरीकडे, पाण्याचे तापमान एका अंशाने उतरले, की हीट पंपची कार्यक्षमता साधारण दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. रेडिएटर जितका मोठा तितके गार पाणी चालते, आणि पाणी जितके गार तितके बिल कमी.

जुना बॉयलर अजून चालू असेल, तर एक चाचणी घरीच करून पाहावी आणि ती प्रत्येकाने करावी, असा माझा आग्रह आहे. ऐन थंडीच्या आठवड्यात बॉयलरमधून रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान ५० अंशांवर आणावे. साठवणाच्या टाकीतल्या पाण्याच्या तापमानाला हात लावू नये. रेडिएटरच्या सर्व झडपा पूर्ण उघडाव्यात आणि यंत्रणा दोन दिवस सलग चालू ठेवावी. ज्या खोल्या उबदार राहतील, तिथले रेडिएटर पुरेसे आहेत. ज्या गार पडतील, तिथले मोठे करावे लागतील. हीट पंपचा विचार पुढे सोडून दिला, तरी ही चाचणी फुकट जात नाही. धुरातल्या वाफेचे पाणी करून तिची उष्णता परत मिळवणारे आजचे गॅस बॉयलर, परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच तो फायदा देतात. पाणी नेहमी ७५ अंशांवर ठेवणाऱ्या घरात असा बॉयलर जवळपास जुन्या बॉयलरसारखाच चालतो.

८. फरशीखालची हीटिंग घेणे योग्य ठरेल का?

जमिनीचे काम मुळापासून होणार असेल, तर तिचा जरूर विचार करावा, कारण तिला ३० ते ४५ अंशांचे पाणी पुरते. वावराच्या भागात फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपेक्षा जास्त तापू देत नाहीत. लाकडी जमिनीला बहुतेक उत्पादक २७ अंशांची मर्यादा घालतात, आणि जाड गालिचा टाकला तर उष्णता वर येत नाही. पाईपांखाली पुरेसे रोधन नसेल, तर तीच उष्णता जमिनीत जाते.

इथे घाई सर्वांत महागात पडते. सिमेंटचा थर घातल्यावर किमान २१ दिवस आणि कॅल्शियम सल्फेटचा असेल तर किमान ७ दिवस तो तापवू नये. त्यानंतर तीन दिवस २०–२५ अंशांचे पाणी आणि मग चार दिवस ठरलेल्या कमाल तापमानाचे पाणी फिरवून थर तपासतात. वरची फरशी किंवा लाकूड त्यानंतर. गृहप्रवेशाची तारीख जवळ आली म्हणून हे दिवस कमी केले, तर थराला तडे जातात.

९. हीट पंपने बिल खरोखर कमी येईल का?

विजेच्या एका युनिटच्या दराला गॅसच्या एका किलोवॅट-तासाच्या दराने भागावे. हीट पंपची हंगामभराची सरासरी कार्यक्षमता ३ आणि बॉयलरची ९० टक्के असेल, तर ३ भागिले ०.९ म्हणजे सुमारे ३.३. आपला भागाकार यापेक्षा कमी आला, तर हीट पंप स्वस्त. जास्त आला, तर बॉयलर स्वस्त. पाण्याचे तापमान उतरवून सरासरी ३.६ वर नेली, तर सीमारेषा ४ वर जाते. सातव्या प्रश्नातल्या चाचणीचे महत्त्व यातही दिसते. गॅसजोडणी पूर्ण बंद होणार असेल, तर तिचा स्थिर आकारही बचतीत धरावा.

१०. हीट पंपचे बाहेरचे युनिट कुठे बसवावे?

उघड्यावर, हवा मोकळी खेळेल अशा जागी. अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मागे भिंत असेल तर तो परावर्तित होऊन सुमारे ३ डेसिबलने वाढतो आणि कोपऱ्यात सुमारे ६ डेसिबलने. म्हणून दिसू नये या हेतूने कोपऱ्यात ढकललेले युनिट शेजाऱ्यांना अधिक ऐकू येते. आर-२९० म्हणजे प्रोपेन वापरणारी यंत्रे हवामानाच्या दृष्टीने फार चांगली आहेत. परंतु हा वायू ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे खिडक्या, तळघराच्या झरोके-पायऱ्या आणि गटाराची तोंडे यांपासून उत्पादकाने सांगितलेले अंतर काटेकोर पाळावे.

११. कोटेशन घेताना काय मागावे?

खोलीवार उष्णतागळतीचा लेखी हिशेब, धरलेले आराखडा तापमान, त्या तापमानाला पाणी किती अंशांचे असेल, आणि त्या पाण्यावर प्रत्येक रेडिएटर किती वॅट देईल : या चार गोष्टी कागदावर नसतील, तर ते कोटेशन म्हणजे केवळ यंत्राची किंमत आहे. पाईपांची सफाई, पाण्याचा प्रवाह खोल्यांत समतोल वाटून देणे आणि चालू करतानाच्या नोंदी या कामांचा त्यात समावेश आहे का, हेही विचारावे. जो मनुष्य घरात न फिरता, एकही माप न घेता आकडा सांगतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नये.

१२. पाईप जुनेच ठेवून फक्त यंत्र बदलले तर चालेल?

पुष्कळदा चालते, पण तीन गोष्टी तपासून. पहिली म्हणजे आतला गाळ. लोखंडी रेडिएटर गंजून तयार झालेला काळा चिकट थर नव्या यंत्रातले अरुंद मार्ग बुजवतो. म्हणून सगळे पाईप धुऊन घ्यावेत, परतीच्या पाईपवर चुंबकीय फिल्टर बसवावा आणि पाण्यात गंजरोधक घालावे. दुसरी म्हणजे पाईपांची जाडी. बॉयलर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक ठेवून चालू शकतो, तर हीट पंप साधारण ५ अंशांवर. त्यामुळे ६ किलोवॅट पोहोचवायला पहिल्याला मिनिटाला ४.३ लिटर पाणी पुरते आणि दुसऱ्याला १७ लिटर लागते. आठ-दहा मिलिमीटरच्या बारीक पाईपांतून इतके पाणी जात नाही. तिसरी गोष्ट जुन्या प्लास्टिकच्या पाईपांची : त्यांना ऑक्सिजन अडवणारा थर नसेल, तर हवा पाण्यात शिरत राहते आणि कितीही धुतले तरी गंज पुन्हा धरतो.

१३. थर्मोस्टॅट कुठे लावावा आणि रात्री हीटिंग बंद करावी का?

मुख्य थर्मोस्टॅट रोजच्या वावराच्या खोलीत, आतल्या भिंतीवर, ऊन आणि वारा लागणार नाही अशा जागी लावावा. त्याच खोलीतल्या रेडिएटरला स्वतंत्र तापमान-झडप असेल, तर ती पूर्ण उघडी ठेवावी. नाहीतर झडप खोलीला ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचू देत नाही आणि थर्मोस्टॅट यंत्राला थांबू देत नाही. ‘बाकीच्या खोल्या भाजून निघतात’ या तक्रारीचे मूळ बरेचदा इथेच असते.

रात्री तापमान उतरवल्याने उष्णता वाचते, हे खरे. परंतु हीट पंपला सकाळी ती तूट भरून काढण्यासाठी अधिक गरम पाणी करावे लागले, तर वाचलेले परत जाते. म्हणून तिथे एक-दोन अंशच उतरवावेत आणि बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान आपोआप ठरवणारी सोय चालू ठेवावी.

१४. बॉयलरमधला पाण्याचा दाब सारखा उतरतो. पाणी भरत राहिले तर चालेल का?

नाही. दर वेळी भरलेल्या नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजनही आत जातो आणि बाराव्या प्रश्नातला गंज सुरू होतो. बंद यंत्रणेत, गार असताना, साधारण १ ते १.५ बार दाब असतो. गरम झाल्यावर तो ३ बारकडे चढत असेल आणि गार झाल्यावर तळाला जात असेल, तर तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या प्रसरण-टाकीतली हवा गेली आहे किंवा तिचा पडदा फाटला आहे. सुरक्षा-झडप ३ बारला उघडून पाणी बाहेर टाकते. दाब गरम-गार असा फरक न करता हळूहळू उतरत असेल, तर गळती शोधावी.

१५. कार्बन मोनॉक्साइडचा धोका कुठे असतो?

इंधन जाळणारे कोणतेही यंत्र जिथे आहे तिथे. या वायूला रंग किंवा वास नसतो आणि डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे साध्या आजारपणासारखीच वाटतात. घरातल्या एकाहून अधिक माणसांना ती एकाच वेळी होत असतील आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर ताबडतोब सर्वांनी बाहेर पडावे आणि मदत बोलवावी. धोका सांगणारे अलार्म यंत्राच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ लावावेत. हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त बॉयलर अधिक सुरक्षित असतो, पण त्याच्यासाठीही अलार्म हवाच.

१६. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला की खोली तापवणाऱ्या लाकडाच्या शेगडीचा धूर खोलीत येतो. धुराडे तर साफ आहे. असे का?

घर घट्ट झाले आहे. पंखा हवा बाहेर ओढतो, ती भरून यायला फट उरलेली नसते, म्हणून हवा धुराड्यातूनच आत येते आणि धूर घेऊन येते. पहिल्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे फटी बुजवल्यानंतर हा त्रास अनेकदा नव्याने दिसतो. शेगडीला बाहेरची हवा थेट पुरवणारा स्वतंत्र मार्ग द्यावा आणि तो होईपर्यंत दोन्ही एकदम चालवू नयेत. विझत आलेली शेगडी अधिक घातक असते, कारण तेव्हा धुराड्याची ओढ कमी होते आणि धूर दिसत नसला तरी पंधराव्या प्रश्नातला वायू आत येत असतो.

१७. नवी हीटिंग चालू झाल्यापासून खिडक्यांवर पाणी आणि कोपऱ्यांत बुरशी दिसते. यंत्रात दोष आहे का?

सहसा नाही. उबदार हवा अधिक वाफ धरते आणि ती गार पृष्ठभागाला लागली की पाणी होते. काही खोल्या मुद्दाम गार ठेवून दारे उघडी ठेवली, तर वाफ तिथे जाऊन बसते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतली वाफ बाहेर काढावी आणि सर्व खोल्यांत निदान थोडी ऊब ठेवावी. धुराडे नसलेला रॉकेलचा हीटर वापरात असेल, तर तो थांबवावा : एक लिटर रॉकेल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सोडते.

१८. हिवाळ्यात काही आठवडे घर बंद असते. यंत्रणा पूर्ण बंद करून जावे का?

पाईपांत पाणी असेपर्यंत नाही. थर्मोस्टॅट ८–१० अंशांवर ठेवावा आणि आतली दारे उघडी ठेवावीत. वीज जाण्याची शक्यता असेल, तर एवढे पुरत नाही, कारण बॉयलरच्या पंपालाही वीज लागते. ज्या हीट पंपमधून पाणी बाहेरच्या युनिटपर्यंत जाते, त्याला दोन उपाय आहेत. पाण्यात ते गोठू न देणारे ग्लायकॉल मिसळता येते. त्याने उष्णता वाहण्याची क्षमता थोडी घटते. किंवा बाहेरच्या पाईपांवर, पाणी सुमारे ३ अंशांवर आले की उघडून ते सोडून देणाऱ्या झडपा बसवता येतात. या दोन्ही गोष्टी एकत्र करू नयेत, कारण झडप उघडली तर ग्लायकॉल जमिनीत सांडते. धुरातल्या वाफेचे झालेले पाणी बाहेर नेणारा गॅस बॉयलरचा पाईप भिंतीबाहेरून जात असेल, तर तो जाड घ्यावा, त्याला उतार द्यावा आणि त्यावर रोधन चढवावे. तो गोठला, की बॉयलर बंद पडतो आणि घरात त्या वेळी कोणीही नसते.